स्वतःच्या रानात रात्री बार काढला तर गुन्हा होतो का? आधी परवाना नीट वाचा

सावंतवाडी : मे संपत आला की कोकणातल्या गावांत रात्री अधूनमधून बार ऐकू येतो. वाडीतली कुत्री भुंकतात, म्हातारी माणसं 'डुकर इलो वाटता' म्हणून कूस बदलतात आणि विषय तिथेच संपतो. पण हल्ली सगळेच बार डुकरासाठी नसतात. घरात परवान्याची बंदूक आहे, मुंबईहून चाकरमानी आलेत, जेवणं झालीत. मग सड्यावर जायचं, कातळावर करवंटी नाहीतर रिकामी बाटली ठेवायची आणि हेडलाइटच्या उजेडात नेम धरायचा. एकजण मोबाइलवर शूटिंग करतो. सकाळी ते रील गावच्या ग्रुपवर फिरत असतं.

कोणी टोकलं तर उत्तर तयार असतं, 'जमीन आमची, बंदूक आमची, लायसन आमचा. मगे कोणाचा काय जाता?'

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र वाटतं तेवढं सोपं नाही, आणि ते माहीत नसल्यामुळे चांगल्या घरातली माणसं अडचणीत येऊ शकतात. ज्या बंदुकीच्या जिवावर भात, काजू, केळी राखली जाते, ती बंदूक एका रात्रीच्या मजेपायी ठाण्यात जमा होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे माणूस जाऊ शकतो.

2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोर भागात काय झालं ते अनेकांनी वाचलं असेल. गावातली माणसं रात्रीची रानडुकराच्या शिकारीला जंगलात गेली. अंधारात हालचाल दिसली, डुक्कर समजून गोळी झाडली. ती लागली आपल्याच सोबत्याला. तो मेला. पुढे घाबरून ही गोष्ट पोलिसांपासून लपवली गेली आणि मग अटका झाल्या. ती शिकार होती, नेमबाजी नव्हती हे खरं. पण अंधार तोच आणि बंदूकही तीच. त्या रात्री घरून निघताना कोणाच्याच मनात माणूस मारायचं नव्हतं.

परवाना कशाचा आहे?

शस्त्र कायदा 1959 चा. त्याखालचे नियम 2016 चे. बंदूक ठेवायला परवाना लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. परवाना 'कशासाठी' दिलाय हे मात्र घरोघरी विसरलेलं असतं. तो कागद एकदा पेटीतून काढून वाचावा.

कायद्याच्या कलम 13 मध्ये परवाना कोणाला कशासाठी द्यायचा ते सांगितलं आहे. ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर शेतीसंरक्षणासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. निदान 20 इंच नळी असलेली गुळगुळीत नळीची बंदूक स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी. आणि नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू टू रायफल किंवा एअर रायफल, तीही मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला. नेमबाजीचा सराव ही कायद्याच्या नजरेत वेगळी गोष्ट आहे, शेतीसंरक्षण वेगळी. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत घरोघरी ज्या बंदुका आहेत त्यांतल्या पुष्कळशा शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या. त्या परवान्यावर उद्देश लिहिलेला असतो, क्षेत्राची नोंद असते, अटी छापलेल्या असतात.

आता बाटली काही पीक खात नाही. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीने रात्री अकरा वाजता बाटल्या फोडल्या तर 'उद्देशाबाहेर वापर' असं पोलिसांनी म्हटलं की परवानाधारकाला ते खोडून काढायला काय आधार राहतो? परवान्याची किंवा नियमाची अट मोडली तर कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंड ऐकून काहीजण हसतील. पण खरी शिक्षा तो दंड नाहीच. अट मोडली म्हणून किंवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणावरून जिल्हाधिकारी कलम 17 खाली परवाना निलंबित करू शकतात, रद्दही करू शकतात. मग अपिलासाठी विभागीय आयुक्तांकडे फेऱ्या. तोवर भाताचा हंगाम निघून जातो आणि डुकरं काही अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबत नाहीत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'स्वतःच्या जमिनीत रात्री गोळी झाडणे गुन्हा आहे' असं एक सरळ वाक्य शस्त्र कायद्यात लिहिलेलं नाही. त्यामुळे 'रात्रीचा बार म्हणजे थेट गुन्हा' असं छातीठोक सांगणाराही चुकतो आणि 'माझी जमीन, माझी मर्जी' म्हणणाराही चुकतो. कायदा जमीन कोणाची हे आधी विचारतच नाही. बंदूक कशासाठी दिली, झाडली कशी, आणि धोका कोणाला झाला, एवढंच तो विचारतो.

यात 2019 च्या डिसेंबरमध्ये मोठी भर पडली. शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 25 मध्ये नवं पोटकलम आलं. हयगयीने किंवा निष्काळजीपणे बंदूक वापरून दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका केला, किंवा लग्न, समारंभ, धार्मिक ठिकाणी आनंदाचा गोळीबार केला आणि त्यातून असा धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे कोणाला लागायलाच हवं असं नाही. धोका झाला एवढं पुरे. जागा खासगी होती हा बचावही इथे आपोआप चालत नाही. वरातीत, नाहीतर वास्तुशांतीला अंगणात हौसेने दोन बार काढायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती आता थेट या पोटकलमात सापडते. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

कोणाला लागलंच तर भारतीय न्याय संहिता येते, जी 1 जुलै 2024 पासून लागू आहे. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारं बेदरकार कृत्य कलम 125 खाली, त्यात गंभीर इजा झाली तर तीन वर्षांपर्यंत. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम 106, पाच वर्षांपर्यंत. शेजाऱ्याची म्हैस किंवा बैल मुद्दाम मारला तर कलम 325, तिथेही पाच वर्षांपर्यंत.

आणखी एक नेहमीची चूक. बंदूक बापाच्या नावावर आणि बार काढतो मुलगा, नाहीतर पाहुणा. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. परवानाधारकाच्या वापरासाठी त्याच्या समोर दुसऱ्याने बंदूक हातात धरून नेली तर कायदा एवढी सूट देतो. पण त्या दुसऱ्याने ती झाडावी अशी सूट त्यात नाही. परवान्यावर रिटेनर म्हणून ज्याचं नाव आहे त्याची गोष्ट वेगळी. मुंबईच्या पाहुण्याला 'घे, एक बार काढून बघ' म्हणून बंदूक दिली आणि त्याचं रील निघालं, तर पुरावा आपल्याच हाताने तयार करून दिला असं होतं. बिनपरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं आहे. गावठी बंदुकांचं तर बोलायलाच नको. त्यांना परवाना मिळतच नाही, आणि फुटली तर पहिला हात जातो तो ती झाडणाऱ्याचाच.

गोळी बांधावर थांबत नाही

कायदा एका बाजूला ठेवू. समजा सगळे कागद ठीक आहेत. तरी रात्रीचा नेम धोक्याचा का, हे समजून घ्यायला हवं, कारण वर्षानुवर्षं बंदूक वापरणाऱ्यांनाही काही आकड्यांची कल्पना नसते.

बारा बोअरच्या काडतुसातले पाखरांसाठीचे बारीक छर्रे अडीचशे-तीनशे मीटरपर्यंत जाऊन पडतात. डुकरासाठी जी एसजी, एलजी काडतुसं वापरतात त्यांतले मोठे छर्रे नळी वर उचललेली असेल तर सहाशे-सातशे मीटरपर्यंत जाऊ शकतात. एकच गोळी असलेलं काडतूस किलोमीटरच्या पुढे. पॉइंट टू टू रायफलची गोळी दिसायला शेंगदाण्याएवढी, पण ती दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. आता कोकणातली जमीन डोळ्यांसमोर आणा. दहा गुंठ्यांचे तुकडे, मध्ये गडगा, गडग्यापलीकडे दुसऱ्याची कलमं, त्यापलीकडे पाणंद, खाली वाडी. एक एकर चौरस जमिनीची बाजू साधारण 64 मीटर भरते. म्हणजे स्वतःच्या जमिनीत झाडलेली गोळी स्वतःच्या जमिनीत राहील याची खात्री, समोर मातीचा उंच दरड असल्याशिवाय, देताच येत नाही.

आणि कातळ. सड्यावर करवंटी ठेवून नेम धरणं हा यातला सगळ्यात वाईट प्रकार. जांभ्याच्या कातळावर तिरकी लागलेली गोळी किंवा मोठा छर्रा उसळतो आणि कुठल्या कुठे जातो. पाण्यावरसुद्धा तसंच होतं. तळीच्या, नदीच्या पाण्यावर कमी कोनात लागलेली गोळी दगडाच्या भाकरीसारखी उड्या मारत पुढे जाते. दिवसा निदान पलीकडे कोण आहे ते दिसतं. रात्री हेडलाइटचा झोत असतो तेवढंच जग असतं. झोतात बाटली स्वच्छ दिसते, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. बाटलीच्या मागे काय आहे ते त्याला काहीच दिसत नसतं, आणि गोळी तर तिथेच जाणार असते. शिवाय उजेडाकडे बघून बघून डोळे अंधाराला सरावलेले राहत नाहीत. एक बार काढला की नळीच्या तोंडाची ज्वाळा डोळ्यांपुढे नाचते आणि थोडा वेळ माणूस जवळजवळ आंधळाच असतो. त्याच वेळी दुसरा कोणीतरी बाटली नीट लावायला पुढे गेलेला असतो.

ठासणीच्या बंदुकीची तर वेगळीच कथा. चाप ओढला आणि बार निघाला नाही तर दारू आत धुमसत असू शकते. तेव्हा नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान मिनिटभर थांबायचं असतं. रात्री घाईत, हसण्याखिदळण्यात नेमकं उलटं होतं. 'बघूया काय झाला' म्हणून नळी वळते, तोंड जवळ जातं. दुसरं म्हणजे आग. ठासणीतली चिंधी किंवा काथ्या पेटता बाहेर पडतो. एप्रिल-मेमध्ये सड्यावरचं गवत आणि काजूखालचा पाला नुसत्या ठिणगीची वाट बघत असतो. दरवर्षी वणव्यात काजूच्या, आंब्याच्या बागा जळतात. कोणी लावली ते कळत नाही. त्यांतल्या काही आगींचा बाप रात्रीचा बार नसेलच, असं कोणी सांगू शकणार नाही.

कानाचंही सांगायला हवं. बारा बोअरचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाशी 140 डेसिबलच्या वर जातो. तेवढ्या आवाजाने एका दणक्यात कान कायमचा अधू होऊ शकतो. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत वस्तीच्या भागातली मर्यादा 45 डेसिबल आहे. वाडीतल्या आजारी माणसाच्या उशाशी तो बार पडतो आणि 112 वर फोन जातो. रात्री गोळीबाराचा फोन आला की पोलिसांना यावंच लागतं. आल्यावर ते परवाना बघतात, काडतुसं मोजतात, रिकामी टोपणं गोळा करतात.

रात्री रानात कोण असतं?

'रात्री रानात कोण येणार?' हा प्रश्न बंदूकवाले नेहमी करतात. गावात राहणाऱ्याने तरी तो करू नये.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की चढणीचे मासे पकडायला निम्मा गाव बॅटऱ्या, पेट्रोमॅक्स घेऊन ओहोळात, शेताच्या बांधावर असतो. कुर्ल्या पकडणारे असतात. पोरं असतात, बायकाही असतात. काजूच्या दिवसांत बागेत राखणीला माणूस झोपतो. दशावताराचा नाट्यप्रयोग पहाटे संपतो आणि माणसं पाणंदीने, शॉर्टकटने दुसऱ्याच्या कलमांतून घरी येतात. एखाद्याची गाय संध्याकाळी परतली नाही तर तो रात्री तिला शोधत फिरत असतो. घाटावर तर शेतीपंपाची लाईटच अनेकदा रात्रीची असते, त्यामुळे शेतकरी मध्यरात्री उसात पाणी धरायला उभा असतो. बहुतेकांच्या अंगावर काळे-करडे कपडे, हातात विझवलेली किंवा मिणमिणती बॅटरी. वाकून कुर्ली काढणारा माणूस पन्नास पावलांवरून डुकरासारखाच दिसतो. वर आलेली मनोरची घटना याहून वेगळी नाही.

पाणंद, देवळाकडे जाणारी वाट, सड्यावरची वहिवाटीची वाट ही खासगी सर्व्हे नंबरातून जात असली तरी तिथे लोकांचं येणं-जाणं असतं. 2016 च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक मिरवणं किंवा झाडणं यावर स्पष्ट बंदी आहे. तेव्हा सातबारा आपल्या नावावर असला तरी वहिवाटीच्या वाटेवर उभं राहून बार काढला तर सातबारा दाखवून सुटका होईल असं समजू नये.

एअरगनचा गैरसमज

मुलांच्या हातात हल्ली एअरगन दिसते. 'तिला लायसन लागत नाही' हे अर्धं खरं आहे. छर्र्याचा व्यास 0.177 इंचापर्यंत, म्हणजे साडेचार मिलिमीटर, आणि ताकद 20 ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. त्यापेक्षा मोठ्या बोअरची किंवा जास्त ताकदीची असेल तर लागतो. बाजारात, ऑनलाइन पॉइंट टू टू बोअरच्या एअरगन दिसल्या म्हणून त्या मोकळ्या आहेत असं नाही. आवाज किंवा ज्वाळा दाबणारी साधनं, म्हणजे सायलेन्सर, ही तर प्रतिबंधित वर्गात येतात. 'आवाज नको म्हणून सायलेन्सर मागवला' असं सांगणारा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो.

परवाना लागत नाही याचा अर्थ इजा होत नाही असा नाही. एअरगनच्या छर्र्याने डोळा जातो, आणि पोरं एकमेकांच्या समोर उभी राहूनच खेळत असतात. पाखरांवर नेम धरायचा मोह तर होतोच. पोपट, घुबड, मोर यांच्यावर एअरगन चालवली तरी ती वन्यजीव कायद्याखाली शिकार. मोर तर अनुसूची एकमध्ये आहे. तिथे शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं.

वनखात्याची शंका

रात्री बंदूक, हेडलाइट आणि तिघे-चौघे रानात सापडले तर वनखात्याच्या माणसाच्या मनात पहिली शंका शिकारीचीच येणार. 'आम्ही बाटल्या फोडत होतो' हे त्याला पटावं कसं? वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत प्रयत्नही येतो. गुन्हा दाखल झाला तर हत्यार आणि गाडी दोन्ही जप्त होतात. जंगल लागून असलेल्या गावांत, गव्याच्या वाटेवर, ही भीती खोटी नाही.

इथे शेतकऱ्याची बाजूही मांडायला हवी. डुकरांनी एका रात्रीत भाताची खाचरं लोळवून टाकली की काय वाटतं ते ऑफिसात बसून कळत नाही. रानडुक्कर 2022 च्या दुरुस्तीनंतर अनुसूची दोनमध्ये आहे. पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली लेखी परवानगीने त्याला मारता येतं, आणि राज्य सरकारने 2015 मध्ये रानडुक्कर व रोही यांच्याबाबत परवानगीची पद्धत ठरवून दिली आहे. अर्ज वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात करायचा. परवानगीशिवाय मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानगीने मारलेलं डुक्करसुद्धा सरकारी मालमत्ता असतं, मटण वाटून खायचं नसतं. गव्याला या परवानगीतलं काहीच लागू नाही, तो अनुसूची एकमध्ये आहे. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर तो गुन्हा नाही. मात्र बेकायदा काम करत असताना अशी वेळ आली तर ही सवलत मिळत नाही.

हे सगळं कागदावर आहे. प्रत्यक्षात परवानगीचा कागद मिळेपर्यंत पीक उरत नाही ही शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे. पण तो राग बाटल्यांच्या नावाखाली रात्रीच्या बाराने काढला तर वनखात्याला आयतं कारण मिळतं आणि खऱ्या तक्रारीचं बळ जातं.

चोरावर बार काढता येतो का, असंही विचारतात. काजू, नारळ, सुपारी चोरीला जाते, रात्री चोर दिसतो, हातात बंदूक असते. मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायद्याने दिला आहे. पण त्यासाठी जीव घेण्यापर्यंत जायला न्याय संहितेच्या कलम 41 मध्ये मोजकेच प्रसंग सांगितले आहेत. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, असे. बागेतले काजू पिशवीत भरणारा साधा चोर त्यात बसत नाही. 'घाबरवण्यासाठी हवेत' काढलेला बार कुठेतरी खाली येतोच.

मग नेमबाजी शिकायची कुठे?

1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा तो. त्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. त्यामुळे खेड्यातल्या पोरापोरींना आणि आईबापांना हा खेळ आपलाही आहे असं वाटू लागलंय. ही चांगलीच गोष्ट आहे. पण यांतलं कोणीही सड्यावर हेडलाइट लावून तयार झालेलं नाही. ते रेंजवर तयार झाले. मागे गोळी अडवणारी भिंत, पुढे कोणी गेलं की सगळ्यांच्या बंदुका खाली, एकाच्या हुकमावर सुरू आणि एकाच्या हुकमावर बंद.

घरी सराव करताच येत नाही असंही नाही. 2008 ला बीजिंगमध्ये 10 मीटर एअर रायफलचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या अभिनव बिंद्राच्या घरीच रेंज होती. 10 मीटर म्हणजे फक्त 33 फूट. साडेचार मिलिमीटरची, 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल, बंद पडवी किंवा गोठ्याची रिकामी शेड, मागे भिंत, भिंतीपुढे छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, दार एकच आणि तेही नेम धरणाऱ्याच्या मागे. तिथे दिवा लावून रात्री सराव केला तर ना शेजारी उठतो, ना गोळी बांध ओलांडते. मोठ्या रायफलसाठी मात्र क्लबचं सभासदत्व आणि रेंज याला पर्याय नाही, आणि स्वतःची रेंज चालवायची तर त्याचा वेगळा परवाना लागतो. 21 वर्षांखालच्या मुलाला बंदुकीचा परवाना मिळत नाही. देखरेखीखाली शिकण्यापुरतीच नियमांत सोय आहे.

राहिला शेतकरी. त्यालाही वर्षातून एकदा बंदूक चालते की नाही, नेम बसतो की नाही ते बघावं लागतं. ऐन वेळी हुकलेला बार जखमी डुक्कर मागे सोडतो आणि जखमी डुक्कर माणसावर येतं, म्हणून ही गरज खोटी नाही. ती दिवसा भागवावी. दरडीच्या मातीसमोर, कातळापासून आणि वाटेपासून लांब, सोबत एक जाणता माणूस ठेवून. त्याआधी पोलीस ठाण्यात साध्या कागदावर अर्ज द्यावा. परवाना क्रमांक, गाव, सर्व्हे नंबर, तारीख, वेळ, किती काडतुसं, कशासाठी. परवान्याच्या अटींत हे बसतं का, ते तिथेच लेखी विचारावं. उत्तर नाही असं आलं तर तेही कागदावर असेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घेऊन पोच घरी न्यावी आणि परवान्याच्या वहीतच ठेवावी. पंचायतीच्या आणि वाडीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी एक मेसेज टाकायला पैसे पडत नाहीत.

चढणीच्या माशांना आता थोडेच दिवस आहेत. पहिल्या पावसाच्या रात्री ओहोळाकाठी बॅटऱ्या दिसू लागतील, त्या रात्री तरी बंदुकी रिकाम्या करून, काडतुसं वेगळ्या कुलपात घालून ठेवायला हरकत नाही.